नाशिकच्या उन्हात, मुरमाच्या पट्टीवर: कोणतं छोटं विमान?

प्रश्न: मी नाशिकचा. सेसना १७२ वर सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) केलं. अलास्कातले सुपर कब नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरताना पाहिले की झोप उडते. पैशाची चिंता नाही असं धरलं, तर आपल्या भागातल्या कच्च्या पट्ट्यांसाठी तुम्ही कोणतं छोटं विमान ठेवाल? सुपर कब, झेनिथचं सीएच ७०१, की आपली ओळखीची सेसनाच?

उत्तर:

मी एचएएलच्या पुष्पक या छोट्या विमानावर उडायला शिकलो. नंतर कपाशीवर फवारणी करणारी एचएएलचीच बसंत विमानं शेताकडेच्या तात्पुरत्या पट्ट्यांवरून उडवली आणि पुढची वर्षं शिकवण्यात गेली. त्यामुळे माझं मत त्या मातीतून आलेलं आहे, हे आधी सांगतो. तू विचारलेल्या तिघांपैकी एकही मी जसंच्या तसं घेणार नाही. मला हवं ते विमान असं: पंख वर आणि धातूचा, सांगाडा पोलादी नळ्यांचा, इंजिन १८० ते २३५ एचपी (अश्वशक्ती), चाक शेपटीला, दोन माणसं आणि मागे सामानाला मोकळी जागा. बाजारात याच्या सगळ्यात जवळ जातं ते अमेरिकेतल्या जॉर्जियात बनणारं मॉल एम-७. मी तिथवर कसा पोचलो ते सविस्तर लिहितो, म्हणजे उद्या दुसरं एखादं विमान समोर आलं तरी तुला तोच हिशेब लावता येईल.

सुरुवात हवेपासून. अलास्कातली जी दृश्यं आपण पाहतो त्यातली बरीचशी समुद्रसपाटीच्या आसपासची आणि थंड हवेतली असतात. वाल्डीझला दर मे महिन्यात कमीत कमी जागेत उडण्या-उतरण्याची स्पर्धा भरते, ते गावच समुद्राकाठी आहे. दाट हवा, समोरून वारा, विमानात एकटा पायलट आणि टाकीत जेमतेम इंधन. आता आपलं बघ. ओझरची धावपट्टी साधारण १,९०० फुटांवर. मे महिन्यात दुपारी पारा ४० वर गेला, तर त्या उंचीचं प्रमाण तापमान ११ अंश, म्हणजे २९ अंश जास्त. दर अंशाला १२० फूट धरले की साडेतीन हजार फूट वाढले. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, झाली ५,४०० फूट. कळसूबाईची उंची बरोबर तेवढीच आहे. म्हणजे पाय ओझरला टेकलेले असले तरी विमानाला मिळणारी हवा कळसूबाईच्या माथ्यावरची.

अशा हवेत टर्बो नसलेलं इंजिन साधारण १५ टक्क्यांहून जास्त ताकद गमावतं. प्रॉपची (पंख्याची) हवेवरची पकड कमी होते. इंडिकेटरवर वेग तोच दिसला तरी जमिनीवरचा खरा वेग आठेक टक्क्यांनी वाढलेला असतो. हे तिन्ही एकदम अंगावर येतात, म्हणून टेकऑफची धाव समुद्रसपाटीच्या दीडपट धरून चालायचं. आपलं खरं नातं अलास्कापेक्षा आयडाहोशी जुळतं. तिथली जॉन्सन क्रीकची गवताची पट्टी पाच हजार फुटांच्या आसपास आहे आणि उन्हाळ्यात तिथले लोक पहाटे उडतात, दहा-अकराच्या आत विमान बांधून मोकळे होतात. नाशिकलाही हाच नेम पाळावा लागेल.

म्हणून मी पहिल्यांदा पंख बघतो, मग इंजिन. उतरताना किती जागा लागणार हे मुख्यतः टेकतानाच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) टाकून सुपर कब साधारण ३७ नॉटला स्टॉल होतं, म्हणजे त्याहून हळू गेलं तर पंख विमान पेलू शकत नाही; तुझी १७२ एस ४८ नॉटला. फरक अकराच नॉटचा दिसतो, पण वर्ग केलास तर सेसनाच्या दर किलोमागे ब्रेकला सुमारे १.७ पट ऊर्जा खावी लागते. त्याचं कारण पंखावरच्या भारात आहे. १५० एचपीचं सुपर कब पूर्ण भरून ७९४ किलो, म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर ४८ किलोच्या आत. १७२ एस ११५७ किलो, तिथे हाच आकडा ७१ च्या पुढे जातो. ताकदीचंही तसंच: कबमध्ये एका एचपीवर ५.३ किलो, १७२ मध्ये ६.४. शिकाऊ सेसना १५२ मध्ये तर जवळपास ७. उन्हाळ्यात १५२ सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेरीत) वर चढता चढत नाही, त्याचं उत्तर याच आकड्यात आहे.

मग सीएच ७०१ का नको? क्रिस हाइन्त्झ यांनी केलेली ती रचना फार हुशारीची आहे. पंखाच्या पुढच्या कडेला कायमच्या बसवलेल्या स्लॅट, म्हणजे फट ठेवून लावलेल्या पट्ट्या, आहेत, त्यामुळे २६ नॉटच्या आसपासही ते हवेत टिकतं. एकट्यानं, सकाळच्या शांत हवेत, गोदावरीकाठच्या सपाट मुलखात ते मला मनापासून आवडेल. पण पूर्ण वजन ५०० किलो आणि सरळ उडण्याचा वेग ७० नॉट. जूनमध्ये पश्चिमेचा वारा २५ नॉटनं वाहतोय आणि तुला त्र्यंबकच्या दिशेनं जायचंय, तर जमिनीवरून तू ४५ नॉटनं सरकणार. त्यात ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या रांगेवरून वारा पूर्वेला खाली कोसळतो, तिथे भोवरे तयार होतात. हलका भार असलेला पंख अशा हवेत फेकला जातो. हळू उडण्याची जी क्षमता उतरताना देणगी वाटते, तीच डोंगराच्या आडोशाला तुझ्याकडचा वेगाचा राखीव साठा संपवते.

हेच सुपर कबच्या धाटणीच्या, अलीकडच्या हलक्या कार्बन कबबद्दल. १८० एचपी आणि ६०० किलो, कागदावर स्वप्नच. पण एलएसए (लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट) या हलक्या वर्गातल्या विमानाचं रिकामं वजन वजा केलं की हातात दोनशे किलोही उरत नाहीत. दोन धडधाकट माणसं बसली की इंधनाला काय राहिलं? माझा हिशेब असा आहे: दोन माणसं १६० किलो, चार तासांचं १५० लिटर अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) म्हणजे १०८ किलो, आणि हत्यारं, पाणी, दोर, तंबू मिळून ४० किलो. एकूण ३०८. याहून कमी वाहणारं विमान माझ्या यादीत येत नाही. चार तासांचं इंधन का, असं विचारशील. कच्च्या पट्टीवर अ‍ॅव्हगॅस मिळत नाही, नेलेलं इंधनच परत आणतं.

इंधनाचा मुद्दा आपल्याकडे वेगळाच आहे आणि परदेशातलं लिखाण वाचून तो कळत नाही. सीएच ७०१ सारख्या हलक्या विमानांना बसणारी रोटॅक्सची इंजिनं पंपावरच्या पेट्रोलवर चालतात म्हणून जगभर लोकप्रिय झाली. पण रोटॅक्सनं ९१२ मालिकेला मान्यता दिली आहे ती १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलला, आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं मिश्रण आहे. नाशिकच्या पंपावरून कॅन भरून आणून ते टाकीत ओतणं मला मान्य नाही. इथेनॉल ओलावा धरतं, रबरी नळ्या आणि सील फुगवतं आणि गरम हवेत व्हेपर लॉकची, म्हणजे नळीत इंधनाची वाफ होऊन पुरवठा अडण्याची, शक्यता वाढवतं. मग रोटॅक्सही अ‍ॅव्हगॅसवरच चालवायचं, आणि त्यातल्या शिशामुळे तेल लवकर बदलायचं. एवढं करून पंपाचा फायदा गेलाच असेल तर मी सरळ लायकमिंग कंपनीचं इंजिन घेतो. जुनी रचना, मोठी सिलिंडर, ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन, आणि आपल्या फ्लाइंग स्कूलांमधल्या एएमईंचा (विमान देखभाल इंजिनिअरांचा) हात त्यावर बसलेला. अ‍ॅव्हगॅस १०० एलएल इंडियन ऑइलनं २०२२ पासून गुजरात रिफायनरीत बनवायला सुरुवात केली आहे. बॅरलनं आणून हँगरमध्ये ठेवता येतं. बॅरलमधून काढताना मात्र गाळणी आणि पाण्याची तपासणी कधीही चुकवायची नाही.

प्रॉप लांब आणि कमी पिचचा, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा कमी असलेला. कबवाले जो ८२ इंची बोरर प्रॉप वापरतात त्यानं सरळ उडण्याचा वेग थोडा घटतो, पण पहिल्या शंभर मीटरमध्ये जी ओढ मिळते ती बघण्यासारखी असते. इंजिन मोठं असलं तर पात्यांचा कोन उडताना बदलणारा कॉन्स्टंट स्पीड प्रॉप घ्यावा, कारण नाशिकहून कुठेही जायचं तर पल्लाही गाठायचा असतो.

इंजिन मोठं करत नेलं की सगळं सुटतं असं मानणारे बरेच भेटतात. अमेरिकेत माइक पेटी यांनी पोलिश विल्गा विमानात ६८० एचपीचं टर्बोप्रॉप बसवून ड्रॅको नावाचं विमान केलं होतं. कच्च्या पट्टीवर ते करून दाखवायचं ते अफाट होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिनोला जोरदार आडव्या वाऱ्यात टेकऑफ घेताना झोतानं पंख उचलला आणि विमान मोडलं. सगळे सुखरूप बाहेर आले आणि निर्णय आपला चुकला हे पेटी यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं. मोठा पंख आणि कमी भार असलेलं प्रत्येक विमान आडव्या वाऱ्यात असंच नाजूक असतं. आपल्याकडे वळवाच्या आधीचे झोत काही मिनिटांत दिशा बदलतात, तेव्हा हा प्रसंग डोक्यात ठेवावा.

आता जमीन. इथे मी जरा थांबणार, कारण टायरबद्दल सगळे बोलतात आणि मातीबद्दल कोणी बोलत नाही.

नाशिक जिल्ह्यात तुला दोन प्रकारची जमीन भेटते: काळी माती आणि मुरूम. काळी माती सुकली की तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि एक सर पडली की ती चाकाला धरते. फवारणीच्या हंगामात हे रोजचं होतं. विमान टॅक्सी करायला लागलं की टायरवर मातीचा थर चढत जायचा. टायर आणि वरच्या पत्र्यामधली बोटभर फट भरून यायची आणि चाक फिरायचं थांबायचं. मग ते नांगराच्या फाळासारखं ओढलं जायचं आणि इंजिनाचा आवाज वाढवला तरी विमान जागचं हलायचं नाही. मेकॅनिक खुरपं घेऊन पंखाखाली आडवा व्हायचा, ब्रेकच्या डिस्कमागचा गोळा आधी काढायचा, कारण तो तिथे सुकला तर पुढच्या लँडिंगला एकच ब्रेक लागून विमान फिरणार. म्हणून माझ्या विमानाला चाकांवरचे फेअरिंग, म्हणजे ती पत्र्याची झाकणं, नसतील. आणि हे स्पष्ट सांगतो: ओल्या काळ्या मातीवर मोठे टायर हा इलाज नाही. जितका टायर रुंद, तितकी माती जास्त चढते. पाऊस पडून गेल्यावर चार दिवस तिथे उतरायचंच नाही.

मुरमाची गोष्ट वेगळी. दाबलेला मुरूम छान कडक होतो, पाणी निचरून जातं, आपल्याकडची खरी कच्ची पट्टी हीच. तिथे त्रास सुट्या खड्यांचा. जागेवर उभं राहून पूर्ण पॉवर दिली की प्रॉप खडे ओढून घेतो आणि पात्याच्या पुढच्या कडेला खाचा पडतात. त्या फाइलनं घासून गुळगुळीत केल्या नाहीत तर तिथूनच चीर जाते. म्हणून इंजिनाची तपासणी कडक जागी उरकायची, मग पट्टीवर येताना विमान थांबू न देता हळूहळू पॉवर वाढवत निघायचं. टायर २६ इंची पुरेत. दहा पीएसआयपेक्षाही कमी हवा ठेवता येते आणि खड्डे, दगड ते गिळून टाकतात. ३१ इंची टायर नदीपात्रातल्या गोट्यांसाठी ठीक, पण त्यांचं वजन आणि हवेतला अडथळा रोज वाहायचा कशाला?

पट्टी तपासायची रीत जुनीच बरी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, मधूनमधून टाच रोवून बघायची. मग जीप ताशी ५० किलोमीटरनं पळवायची. ज्या खड्ड्यात जीपमध्ये तू सीटवरून उचलला जातोस, तिथे विमान उतरवायचं नाही. दोन्ही टोकांच्या पुढे ११ केव्हीची लाइन आहे का ते खांब मोजून बघायचं. तार वरून दिसत नाही, खांब दिसतो. द्राक्षबागांकडे विशेष लक्ष दे. वरून ती हिरवी मऊ चादर वाटते, पण आत मांडवाचे लोखंडी खांब आणि ताणलेल्या तारा असतात. इंजिन बंद पडलं तर बाग टाळून कांद्याचं किंवा सोयाबीनचं रान निवडायचं. नांदूर मधमेश्वरच्या बाजूला हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे असतात. तो भाग लांबून ओलांडावा, विमानासाठी आणि पक्ष्यांसाठीही.

शेपटीचं चाक की नाकाचं, हा वाद मी एका वाक्यात संपवत नाही. टेलव्हीलमध्ये प्रॉप जमिनीपासून उंच राहतो, मागचं छोटं चाक खड्ड्यात गेलं तरी फारसं बिघडत नाही, आणि नाकाचं नाजूक चाक नसल्यामुळे वजनही वाचतं. सेसना १८२ नाकावर आदळली की इंजिनामागची फायरवॉल दुमडते, ही दुरुस्ती जगभरातल्या मेकॅनिकांच्या ओळखीची आहे. पण टेलव्हीलमध्ये गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा वाकडं झालं की शेपटी पुढे यायला बघते, रडरवरचा पाय वेळेत हलला नाही तर ग्राउंड लूप, म्हणजे विमान जमिनीवरच गरकन फिरतं. पुष्पकच्या काळात हे आम्हाला पहिल्या उड्डाणापासून अंगवळणी पडलं. आज भारतात टेलव्हील शिकवणारं विमान शोधावं लागतं. वर्षाला मोजकेच तास उडणार असशील तर नाकाच्या चाकाचं मजबूत विमान घे, मी त्याला कमी लेखणार नाही. कोडियाक १०० हे दुर्गम पट्ट्यांसाठीच रचलेलं विमान नाकाच्या चाकावरच उभं आहे. माझ्या स्वप्नात मात्र टेलव्हील आहे, कारण पाय शिकलेले आहेत.

दुरुस्तीचा विचार करूनच मी मॉलकडे वळलो. नळ्यांचा सांगाडा आदळलं तरी माणसाभोवतीचा पिंजरा शाबूत ठेवतो, हे मला हवंच आहे. त्यावर कापड चालेल. पण पंखही कापडाचा असला तर आपल्या उन्हात त्याला रोज हँगर लागणार, आणि कापड ताणून डोप (कापड घट्ट करणारा लेप) लावणारे हात पुष्पकांबरोबरच कमी होत गेले. उलट पत्र्याचं काम करणारे कारागीर नाशिकइतके कुठे मिळतील? ओझरला एचएएलमध्ये मिग आणि मग सुखोई जुळवत पिढ्या घडल्या आहेत. रिव्हेट कसा बसायला हवा हे ज्याला बोटानं कळतं असा माणूस या गावात शेजारी राहतो. परवानाधारक एएमईच्या सहीशिवाय काही होणार नाही हे खरंच, पण काम समजणारे हात गावात असणं फार मोलाचं आहे. मॉलचा सांगाडा नळ्यांचा आणि पंख पत्र्याचा, म्हणून ते आपल्या गावाला बसतं.

डी हॅविलँड कॅनडाच्या बीव्हरबद्दल न लिहून चालणार नाही. १९४७ साली उडालेलं हे विमान रचण्याआधी कंपनीनं रानात उडणाऱ्या पायलटांनाच विचारलं होतं, तुम्हाला काय हवं. त्यातून इंधनाचं पिंप आत जाईल एवढी दारं आली, आणि इंजिनात तेल कॉकपिटमधूनच घालायची सोयही. वापरणाऱ्याचं ऐकून केलेलं इतकं प्रामाणिक काम मला दुसऱ्या विमानात क्वचित दिसलं. पण ४५० एचपीचं रेडियल इंजिन तासाला नव्वदेक लिटर पितं. चिंता पैशाची नसली तरी तेवढी बॅरलं हलवायची कोणी? आपल्याकडेही अशा कामाची परंपरा होती. एचएएलचं कृषक, २२५ एचपीचं, वर पंख असलेलं, लष्कराच्या तोफखान्याच्या हवाई निरीक्षणासाठी बनलं आणि कच्च्या मैदानांवरून उडालं. ती रचना पुढे चालू राहिली असती तर आज मी मॉलचं नाव घेतलंच नसतं. याची हळहळ मला खरोखर वाटते.

आतली मांडणी थोडक्यात. चार पट्ट्यांचे बेल्ट, अँगल ऑफ अटॅक (पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन) दाखवणारा इंडिकेटर, साधा रेडिओ, जीपीएस, रडारला ओळख सांगणारा ट्रान्सपाँडर, अपघात झाला तर जागा कळवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी. छताला काच हवी, कारण डोंगरात वळताना आतल्या बाजूचं दिसावं लागतं. पण तिच्यावर ओढायचा पडदाही हवा, मे महिन्यात त्या काचेखाली डोकं भाजून निघतं.

परवानगीचं वास्तवही ऐकून ठेव. आयडाहोसारख्या सर्वांसाठी खुल्या रानपट्ट्या आपल्याकडे नाहीत. जमीनमालक, जिल्हा प्रशासन, डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) यांच्या मान्यतेशिवाय शेतात उतरता येत नाही. सर्किटबाहेर जायचं तर फ्लाइट प्लॅन, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) नंबर लागतातच. त्यात ओझर आणि नाशिकमधलंच गांधीनगर ही दोन्ही संरक्षण दलांशी जोडलेली मैदानं. त्यामुळे इथे मनमानी भटकंती होणार नाही. पण स्वतःच्या किंवा ओळखीच्या जागेवर रीतसर मान्यता घेऊन मुरमाची एक चांगली पट्टी करणं अशक्य नाही, आणि विमान निवडण्याआधी मी त्या जागेमागे लागेन. ६०० मीटर लांब, पूर्व-पश्चिम, दोन्ही टोकं मोकळी.

तोवर तुझ्याकडे १७२ आहे, तिच्यावर काम सुरू कर. पुस्तकात १७२ एस ची शॉर्ट फील्ड टेकऑफची धाव समुद्रसपाटीला प्रमाण तापमानात ९६० फूट दिली आहे, तीही पक्क्या सपाट धावपट्टीवर. त्याच तक्त्यात २,००० फूट आणि ४० अंशांचा आकडा काढ. कोरड्या गवतासाठी धावेच्या १५ टक्के मिळव. मागून वारा असेल तर दर दोन नॉटला १० टक्के आणखी. मग इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊन धुळ्याच्या गोंदूरच्या धावपट्टीवर एका सकाळी आणि एका दुपारी प्रत्यक्ष धाव मोजा, वजन तेच ठेवून. उतरतानाही एक दिवा किंवा खूण ठरवून तिच्या पुढच्या तीस मीटरमध्ये चाकं टेकतात का ते बघ, आणि नाही टेकली तर दर वेळी गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. हे आकडे आले की पाठव. तुझ्या पट्टीला १८० एचपी पुरेल की २३५ लागेल, ते त्यावरूनच सांगता येईल.